चिमटीकाकांचे तीन रंग

माझे धाकटे दीर घाबरट आहेत. हे मी त्यांच्या तोंडावर सांगत आले आहे, तेव्हा कागदावर सांगायला हरकत नाही. पण त्यांच्या घाबरटपणामुळे आमच्या भागातले दोन पिढ्यांचे कारकून, मास्तर आणि औषधविक्रेते नीटनेटके दिसले, हेही तितकंच खरं आहे. ते कोणी सांगत नाही, म्हणून मी लिहायला बसले.

भावजी बत्तीस वर्षं एकाच दुकानात पुरुषांचे तयार कपडे विकतात. गिऱ्हाइकं त्यांना चिमटीकाका म्हणतात. कपडा हातात आला की ते आधी तो अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून चोळतात. मग उलटा करून आतली शिवण बघतात. मग एक कोपरा मुठीत चुरगाळून सोडतात आणि चुण्या किती वेळात जातात ते बघत उभे राहतात. एवढं सगळं होईपर्यंत गिऱ्हाईक ताटकळतं. घाई करणाऱ्याला ते म्हणतात, "साहेब, तुम्हाला हा सहा वर्षं घालायचाय. सहा मिनिटं द्या त्याला."

पहिल्या पगाराचा एखादा बाबा उत्साहात येऊन म्हणतो, "काका, काय काय घेऊ?"

"आज? एक शर्ट. आणि खांदा दाखवा."

"एकच? मी तर पाच-सहा म्हणत होतो."

"म्हणा की. पाच स्वस्तातले घ्याल, वर्षभरात पाचही फडक्याला जातील. तिमाहीला एक चांगला घ्या. दोन वर्षांत पाच शर्ट, दोन पँट, एक कोट. त्यापुढे दहा वर्षं माझं तोंड बघायला नको."

"दुकान चालायचं कसं मग तुमचं?"

"तुमचे भाऊ आहेत, मेहुणे आहेत. पाठवा की त्यांना."

खांद्याबद्दल ते फार कडक. कंबर सैल करता येते, बाही आखूड करता येते, शिवणीत कापड सोडलेलं असलं तर पोट सुटलं तरी निभावतं. "पण खांद्याला डॉक्टर नाही. शिवण हाडावर बसली नाही, तर कपडा फुकट मिळाला तरी घेऊ नका." बूट दोन जोड, एकाआड एक घालायचे, म्हणजे दोन्ही दुप्पट टिकतात. कोट धुवायचा नाही, ब्रश मारायचा. आणि रंग तीनच: पांढरा, राखाडी, गडद निळा. "कुठलाही शर्ट कुठल्याही पँटवर. सकाळी डोळे मिटून काढा आणि घाला."

हे शेवटचं वाक्य लोकांना फार आवडायचं. केवढी साधी युक्ती, केवढा धोरणी माणूस! मला मात्र ते ऐकवत नसे. कारण भावजी अक्षरशः तसेच कपडे घालत होते. त्यांना लाल आणि हिरवा यांतला फरक दिसत नाही. तपकिरी, विटकरी, शेवाळी हे सगळं त्यांना एकाच चिखलाचं. फिकट गुलाबी आणि फिकट हिरवा म्हणजे त्यांच्या लेखी धुऊन विटलेला राखाडी. निळा दिसतो, पांढरा-काळा दिसतो. म्हणून ते तीन रंग. धोरण कसलं आलंय, भीती होती ती!

मला हे लग्न होऊन आल्यावर महिन्याभरात कळलं. भावजी तेव्हा एकोणीस वर्षांचे. मी विणत बसले होते. म्हटलं, "भावजी, तो लाल गुंडा द्या जरा." त्यांनी टोपलीत हात घातला, दोन-तीन गुंड्यांची लोकर चिमटीत धरून पाहिली आणि हिरवा गुंडा माझ्या हातात दिला. मी वनस्पतिशास्त्राची पदवीधर, आमच्या वर्गातही असा एक मुलगा होता. मी म्हटलं, "हा लाल?" तर म्हणतात, "बारीक आहे ना, म्हणजे लालच." आदल्या दिवशी मीच म्हणाले होते की लाल लोकर बारीक निघाली.

चेहरा पांढराफटक पडला त्यांचा. मग सगळं सांगितलं. सरकारी नोकरीच्या तपासणीत डॉक्टरांनी ठिपक्यांचं पुस्तक समोर धरलं, आकडा वाचा म्हणाले. यांना आकडा दिसेना. डॉक्टर ओरडले, "अरे, बाराखडी विचारत नाहीये मी!" मागची रांग हसली. नोकरी तर गेलीच, वर ते हसणं कानात बसलं ते कायमचं. "वहिनी, दादाला सांगू नका." मी संध्याकाळच्या आत सांगितलं. नवऱ्यापासून काही लपवायचं वय नव्हतं ते. पण आम्ही दोघांनी बाहेर मात्र कुठे ब्र काढला नाही.

पुढे दुकानात लागताना जुन्या मालकांनी एकच विचारलं, "दहा तास उभं राहता येईल का?" रंगांचं कोणी विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही. भावजी म्हणतात, ते काही खोटं बोलले नाहीत. मी म्हणते, ज्या दिवशी गिऱ्हाइकाला "हा राखाडी घ्या" म्हणालात त्या दिवसापासून बोललात.

बत्तीस वर्षं निभावलं कसं, तर खणांवर. जुने मालक सवयीचे गुलाम. कुठल्या खणात काय, हे पहिल्या दिवशी ठरलं ते ठरलं. वरच्या ओळीत डावीकडून पांढरे, मग निळे, मग राखाडी. खालच्या ओळीत तपकिरी आणि त्याच्या बाजूला इतर रंगीत, ज्यांच्याकडे भावजी गिऱ्हाइकाला फिरकूच द्यायचे नाहीत. रोज अर्धा तास आधी जाऊन ते एकेक खण तपासायचे. कोणी माल चुकीच्या जागी ठेवला असेल तर? चुरगाळलेला शर्ट गिऱ्हाइकानेच भलत्या खणात कोंबला असेल तर? मधल्या सुटीनंतर पुन्हा तपासणी. सुटीच्या दिवशीसुद्धा जेवताना त्यांची बोटं मेजावर खण मोजत असायची. माझे यजमान गेल्यावर भावजी माझ्याकडेच राहायला आले. तेव्हापासून मी ती बोटं रोज बघते. लग्न त्यांनी केलं नाही. विचारलं तर म्हणायचे, "कोणीतरी घरात येणार, साडी कशी दिसते विचारणार. नको."

गेल्या वर्षी जुने मालक थकले आणि त्यांच्या मुलीने दुकान हातात घेतलं. मुलगी हुशार, तोंडाने फटकळ, कामाला वाघ. मला आवडली. भावजी मात्र तिला दबकून असायचे. पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, "काका, हे दुकान आहे की दवाखाना? सगळं पांढरं-राखाडी!" दोन महिन्यांत खण निघाले, उघड्या मांडण्या आल्या, कपडे आता मापाप्रमाणे लागले. एका मापाच्या मांडणीवर सगळे रंग शेजारी शेजारी. भावजी पहिल्या दिवशी घरी आले ते बूट न काढता खुर्चीत बसले.

"वहिनी, आज मी आंधळा झालो."

"नाटकं नकोत. कपड्याच्या चिठ्ठीवर रंगाचा आकडा असतो ना?"

"असतो. मुंगीएवढा. गिऱ्हाइकासमोर चष्मा चढवून चिठ्ठी वाचू? चिमटीकाका? आणि चिठ्ठी दुसऱ्याच कपड्याला लागलेली असली तर?"

तरी महिनाभर आकडे पाठ केले, सांभाळून नेलं. वजन उतरलं, झोप उडाली. मी म्हटलं, "सांगून टाका एकदाचं." ते म्हणाले, "छप्पन्न वर्षांचा रंगआंधळा कपडेवाला कोण ठेवेल? दुसरं काय येतं मला?" बोलणं खरं होतं, आणि समोरच्याचं खरं निघालं की मी चिडते. चिडले.

मग तो रविवार ठरला. मालकीणबाईंच्या डोक्यात आलं की नव्या मांडणीचा गाजावाजा करायचा. जुनी गिऱ्हाइकं बोलवायची आणि चिमटीकाकांनी सगळ्यांसमोर दाखवायचं, की बारा कपड्यांत महिनाभराचे वेगवेगळे जोड कसे बसतात. "तुमचंच तर ज्ञान आहे, काका. फक्त रंग माझे." बारा कपडे तिने स्वतः निवडले. एक निळा कोट. पाच शर्टांत दोन पांढरे, एक आकाशी, एक फिकट गुलाबी, एक फिकट हिरवा. तीन पँट: शेवाळी, विटकरी, तपकिरी. बाकी तीन बिनबाह्यांचे स्वेटर, त्याच तीन रंगांचे. शुक्रवारी तिने सराव करायला सगळं भावजींबरोबर घरी पाठवलं.

पुढचं माझं डोकं. मी म्हटलं, गाठी मारू. प्रत्येक कपड्याच्या आतल्या शिवणीला, खालच्या टोकाशी, जिथे भावजींची चिमटी आपोआप जाते तिथे, दोऱ्याच्या गाठी. एक गाठ शेवाळी, दोन विटकरी, तीन तपकिरी. शर्टांना एक हिरवा, दोन गुलाबी. निळ्या-पांढऱ्याला काही नाही, ते दिसतात. दोऱ्याचं टोक जरा लांब ठेवलं, बोटाला लागावं म्हणून. शनिवारी दुपारी मी परीक्षा घेतली. बारापैकी बारा! मी इतकी खूश झाले की स्वतःलाच शाबासकी दिली. कपडे दुकानात परत गेले.

रविवारी सकाळी खुर्च्या भरल्या होत्या. मी पहिल्या रांगेत. माझ्या शेजारी बस डेपोतला एक आडदांड कारकून, भावजींचं जुनं गिऱ्हाईक. डेपोतून मुख्य कचेरीत बदली झाली होती, नवे कपडे घ्यायला आला होता. भावजी स्वतःचा एकोणीस वर्षं वापरलेला कोट घालून मेजामागे उभे होते. मेजावर बारा कपड्यांची चळत, कोऱ्या कागदासारखी. दुकानाचा इस्त्रीवाला कौतुकाने ती चळत बघत होता. मी त्याला म्हटलं, "छान केलीय हो इस्त्री."

"नुसती इस्त्री नाही, बाई. काल संध्याकाळी बसून आतून-बाहेरून साफ केलंय. काय ते धागे लोंबत होते! गाठीच गाठी. कंपनीवाले हल्ली काही बघतच नाहीत. एक ठेवला नाही मी."

त्याचं कामच ते. माल समोर जाण्याआधी लोंबते धागे कापायचे, आणि तो आपल्या कामात चोख. बत्तीस वर्षं ज्या दुकानाच्या गोष्टी ऐकल्या, तिथला हा रिवाज मला ठाऊक असायला हवा होता. भावजींना तर हवाच हवा होता. पण भीतीने माणसाचं डोकं एकाच बाजूला चालतं, आणि माझं फुशारकीने चालत होतं. उठून काही सांगावं तर मालकीणबाई बोलायला उभी राहिली होती.

पहिला कोट. "निळा," भावजी म्हणाले आणि खांद्याबद्दल बोलले, छान बोलले. लोकांनी माना डोलावल्या. मग पांढरा शर्ट. मग मालकीणबाई म्हणाली, "आता काका, यावर शेवाळी पँट दाखवा."

भावजींनी वरची पँट उचलली. बोटं शिवणीवरून खाली गेली, टोकाशी थांबली, पुन्हा वर आली, पुन्हा खाली. ती ठेवून दुसरी उचलली. तिसरी. मी त्यांच्या कपाळावरचा घाम बघत होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत ओरडणारे डॉक्टर होते आणि हसणारी रांग होती. मग त्यांनी हातातली वर धरली आणि म्हणाले, "ही शेवाळी."

ती विटकरी होती. धडधडीत विटकरी.

मग कोणीतरी खो खो हसलं. मालकीणबाईही हसली. "काका गंमत करतायत! परीक्षा घेतायत तुमची. काका, शेवाळी!"

सुटका झाली होती. लोकांनीच वाट करून दिली होती. उरलेल्या दोनांतली शेवाळी कुठली, एवढंच हवं होतं. मी हनुवटीवर हात टेकल्याचं सोंग करून एक बोट डावीकडे केलं. भावजींनी ते पाहिलं. त्यांना कळलंही. हात डावीकडे निघालासुद्धा. तेवढ्यात माझ्या शेजारचा डेपोवाला मोठ्याने म्हणाला, "अहो मॅडम, काका शेवाळी म्हणाले ना, मग आपल्याला ती शेवाळीच! मी तीच घेतो. आजवर त्यांनी दिलं ते घातलं, कधी वर तोंड करून बघितलं नाही!"

भावजींचा हात हवेतच राहिला. डेपोवाल्याकडे बघत त्यांनी पँट खाली ठेवली, घडी सारखी केली आणि म्हणाले, "घेऊ नका. मला रंग दिसत नाहीत. पहिल्यापासून."

कोणी हसलं नाही. मला वाटतं हसले असते तर बरं झालं असतं, त्याची त्यांना सवय होती. मालकीणबाईचा चेहरा दगडासारखा झाला. ती म्हणाली, "बसा काका," आणि उरलेले जोड तिने स्वतः दाखवले. भावजी इस्त्रीच्या मेजामागे स्टुलावर बसून राहिले. इस्त्रीवाल्याने त्यांना पाणी दिलं. बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही की काय कापलं त्याने. मी सांगितलंही नाही.

सोमवारी दुकान बंद. भावजींनी कपाट उघडलं आणि पाच शर्ट, तीन पँट, एक कोट पलंगावर मांडले. ब्रश मारला, गुंड्या ओढून पाहिल्या, दोन्ही बूट जोड पुसले. जणू माणूस परगावी निघालाय. फोन वाजला की दचकायचे. एकदा चुकीचा नंबर होता, एकदा माझी भाची. दुपारी म्हणाले, "वहिनी, ती जुनी गिऱ्हाइकं आता घरी जाऊन कपाटं उघडून बघत असतील. मी कोणाकोणाला काय दिलं असेल?" मी म्हटलं, "खणातलं दिलंत. बरोबरच दिलंत."

"तुम्हाला कसं माहीत?"

नव्हतंच माहीत. मी उठून चहा टाकायला गेले, आणि त्याने ते आणखी घाबरले.

मंगळवारी मी बरोबर गेले. नको म्हणाले, तरी गेले. मालकीणबाई गल्ल्यापाशी उभी होती. मला बघून म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं?"

"सदतीस वर्षं होऊन गेली."

"आणि तुम्ही शिकलेल्या!"

"शिकलेली होते म्हणूनच ओळखलं. शहाणी असते तर तुमच्या वडिलांना सांगितलं असतं."

तिने माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. मग भावजींकडे वळली. "बाबांना फोन केला मी. त्यांनाही माहीत नव्हतं. रात्रभर चिडले होते. सकाळी म्हणाले, त्याच्यासारखी शिवण बघणारा मिळणार नाही. काका, मागच्या खोलीत माल तपासायचं काम देऊ शकते मी. पगार तोच. कोणाला तोंड दाखवायला नको. नाहीतर पुढे उभे राहा. पण पुढे उभं राहायचं असेल तर प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी सांगायचं. कपड्याला हात लावायच्या आधी. एकालाही न सांगता रंग सांगितलात, तर त्या दिवशी निघायचं."

"प्रत्येकाला?" भावजींनी विचारलं.

"प्रत्येकाला. रोज."

मला मागची खोली बरी वाटत होती. खरं सांगायचं तर मी मनात म्हणत होते, घ्या, घ्या, सुटा एकदाचे. भावजींनी मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. तेवढ्यात पहिलं गिऱ्हाईक आत आलं. एक तरतरीत गृहस्थ, मुलाखतीसाठी कोट हवा म्हणाला. भावजींनी ओठ ओले केले. "साहेब, एक सांगायचंय. मला सगळे रंग दिसत नाहीत." गृहस्थ हसून म्हणाला, "मग कपडे कशाला विकता?" आणि दुसऱ्या विक्रेत्याकडे निघून गेला.

भावजी मागच्या खोलीच्या दाराकडे गेले नाहीत. हात पाठीमागे बांधून तिथेच उभे राहिले. पंधरा-वीस मिनिटांनी एक बाई नवऱ्याला ओढत घेऊन आल्या. यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, मधेच अडखळले, पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. बाई म्हणाल्या, "रंग मला दिसतो हो. या माणसाचा एकही शर्ट सहा महिने टिकत नाही, ते का, तेवढं सांगा." नवरा पुटपुटला, "झालं सुरू."

"साहेब," भावजी म्हणाले, "जरा खांदा दाखवा."

याला आता वर्ष होत आलं. ते अजून पुढेच उभे राहतात. दिवसाला वीस-पंचवीस वेळा ते वाक्य म्हणतात. काही जण निघून जातात, बरेचसे थांबतात. डेपोवाला अजून तरी फिरकलेला नाही. मला वाटलं होतं, सवयीने भीती मोडेल. मोडली नाही. परवा सहज दुकानात डोकावले. गिऱ्हाईक दारातून आत येत होतं आणि भावजी मेजाआड पँटच्या खिशातल्या रुमालाला तळहात पुसत होते, घाईघाईने, दोन्ही. पांढऱ्या शर्टावर घामाचा डाग पडला तर तो जात नाही, म्हणून.